शेठचा एकांत आणि आपली पायवाट



वाडीवाडीच्या बैठकांत हल्ली दोन प्रश्न एकाच वेळी निघतात. म्हातारी माणसं विचारतात, "आमच्या वाटा कुठं गेल्या?" आणि तरणी पोरं विचारतात, "बंगलेवाल्यांशी भांडण काढलं तर काम कोण देणार?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकाला खाली बसवून दुसऱ्याला टाळ्या वाजवणं सोपं आहे, पण त्यानं संघटना मोडते. म्हणून या अंकात दोन्ही प्रश्न एकत्र घेतोय. वाचता येणाऱ्यांनी वाडीवर मोठ्यानं वाचून दाखवावं.

आधी आपला मुलूख नीट पाहू. मळवली हे पुणे-लोणावळा लोकलवरचं छोटं स्टेशन. एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची, माथ्यावर लोहगड आणि विसापूर, डोंगरापलीकडे पवनेचं पाणी. शेजारून एक्सप्रेसवे जातो. मुंबईचा शेठ शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद करून निघाला तर जेवायच्या वेळेला इथं पोचतो. एवढ्या एका कारणानं इथल्या माळाला आणि वरकस जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या खडकाळ तुकड्यावर आपण नाचणी-वरई सोडून काही पिकवू शकलो नाही, तिथं आज पोहायचा तलाव असलेला बंगला उभा आहे. मोठ्या व्हिलाचं एका रात्रीचं भाडं हे त्याच व्हिलात भांडी घासणाऱ्या बाईच्या महिन्याच्या मजुरीपेक्षा जास्त असतं. ही काय गुपित गोष्ट नाही. बाईलाही माहीत आहे, शेठलाही माहीत आहे.

आता विचार करायचा तो असा, की एवढे पैसे देऊन शेठ नेमकं विकत काय घेतो? खाट-गादी त्याच्या घरी आहे. जेवण तिकडं जास्त चांगलं मिळतं. पाऊस तर मुंबईतही पडतो. तो विकत घेतो एकांत. जाहिरातीत शब्द वेगळे असतात, 'प्रायव्हेट', 'निवांत', 'निसर्गाच्या कुशीत', पण सगळ्याचा अर्थ एकच. तिथं दुसरं कोणी असणार नाही, याची हमी. गुरं दिसणार नाहीत, मोळी घेऊन जाणारी बाई दिसणार नाही, ओढ्यावर खेकडे धरणारी पोरं दिसणार नाहीत.

हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. साधा व्यापारी माल विकतो, त्याला गिऱ्हाईक जितकं जास्त तितकं बरं. श्रीमंतांसाठी चालणारा धंदा उलटा असतो. तिथं माणसं जितकी कमी आत येतील तितकी किंमत चढते. म्हणून कंपाउंडची भिंत ही चोराच्या भीतीनं बांधलेली भिंत नाही. ती भिंतच माल आहे. 'खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद' या पाटीलाच भाव आहे. आपली पायवाट त्या प्लॉटमधून चालू राहिली तर प्लॉटची किंमत पडते. म्हणून वाट बंद होते ती कोणा एका वॉचमनच्या उर्मटपणानं नाही, ती धंद्याच्या हिशोबानं बंद होते. वॉचमनला हात जोडून ती उघडणार नाही. तो तर बहुतेक वेळा आपलाच भाऊ असतो.

एका वाडीचं उदाहरण सांगतो. नाव लिहीत नाही, कारण असं एकाच जागी घडलेलं नाही. दिवाळी झाली, आपली माणसं उचल घेऊन वीटभट्टीवर गेली. वाडीत राहिली चार म्हातारी आणि दोन आजारी. मे महिन्याच्या शेवटाला बिऱ्हाडं परत आली तर विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर तारेचं कुंपण, कुंपणाला लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. झऱ्याच्या तोंडाला पाईप. विचारलं तर उत्तर आलं, "सातबाऱ्यावर वाट दाखवा." वाट तर पायाखाली होती, सातबाऱ्यावर कोणी चढवणार? त्या पावसाळ्यात बायांनी अर्धा डोंगर वळसा घालून पाणी आणलं. आणि बांधकामाच्या विटा आल्या त्या भट्टीवरच्याच. त्या आपल्याच हातानं थापलेल्या नव्हत्या असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

आता कोणी म्हणेल, हे कलियुग आहे, नवीन पैसेवाल्यांचा हा माज आहे. तसं नाही. या खोऱ्यावर बाहेरच्या गरजेचा हक्क सांगण्याची रीत जुनी आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या धनिकांना लोणावळा-खंडाळ्याची हवा जवळची झाली. त्यानंतर पाण्यावर नजर गेली. लोणावळा, वळवण, शिरवता इथं टाटांची धरणं झाली. इथला पाऊस खरं तर पूर्वेला वाहून भीमेला जाणारा. तो अडवून, नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडून वीज काढली, आणि १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. शेजारच्या मुळशीत धरणाचं काम आलं तेव्हा शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढं होते. सेनापती हे नाव त्यांना त्याच लढ्यातून मिळालं. जगात धरणाविरुद्धच्या पहिल्या लढ्यांत मुळशीचं नाव घेतात. धरण मात्र झालंच.

मग पवना धरण आलं. पाणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना आणि वस्त्यांना गेलं. धरणात जमीन गेलेल्या अनेक घरांना बदली जमिनीसाठी पिढी उलटेपर्यंत खेटे घालावे लागले. पवनेचं पाणी बंद पाईपमधून नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्सप्रेसवेवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. तिघं गेली, त्यात एक बाई होती. ९ ऑगस्ट हा क्रांतिदिन, आणि जगभर आदिवासी दिवस म्हणून पाळतात तो दिवसही तोच. आम्ही ती तारीख विसरत नाही.

म्हणजे पहिल्यांदा मुंबईच्या गिरण्यांसाठी पाणी गेलं. दुसऱ्यांदा कारखान्यांच्या शहरासाठी गेलं. त्या दोन वेळी निदान असं सांगायला जागा होती की वीज सगळ्यांची आहे, तहान सगळ्यांची आहे. आज तिसरी पाळी आहे, आणि या वेळी जमीन मागितली जातेय ती दोन दिवसांच्या सुट्टीसाठी. पाच दिवस रिकाम्या राहणाऱ्या घरांसाठी. ज्या तालुक्यात कातकऱ्याच्या झोपडीखालची जागा त्याच्या नावावर नाही, त्या तालुक्यात बंगला आठवड्यातून पाच दिवस रिकामा असतो. याला विकास म्हणायचं का, एवढाच आमचा साधा प्रश्न आहे.

या धंद्याचं पुढं काय होतं तेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. लोणावळ्याच्या पलीकडे, मुळशी तालुक्यात सहारा समूहानं अँबी व्हॅली वसवली. डोंगरात विमानाची धावपट्टी, गोल्फचं मैदान, तलाव, आलिशान बंगले. फाटकावर सामान्य माणसाला थारा नाही. पण याच सहाराच्या दोन कंपन्यांनी ज्यांच्याकडून पैसा गोळा केला ते गुंतवणूकदार बहुतेक लहान होते. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सुप्रीम कोर्टानं त्या कंपन्यांना सुमारे २४,००० कोटी रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. पैसे पुरते भरले गेले नाहीत म्हणून २०१७ साली कोर्टानं अँबी व्हॅली ताब्यात घेऊन लिलावाला काढली. राखीव किंमत ठेवली ३७,३९२ कोटी. लिलाव फळाला आला नाही. जिथं गरिबाला फाटकात उभं करत नाहीत, ती जागा शेवटी लहान ठेवीदारांचं देणं फेडायला विकायला काढावी लागली, हे लक्षात ठेवा.

लवासाचं तसंच. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठावर परदेशासारखं शहर उभं करायचं ठरलं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवण्याची नोटीस दिली. पुढं अटी घालून परवानगी मिळाली. पण कर्ज डोक्यावर गेलं आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. बँका रांगेत उभ्या राहिल्या, घर घेतलेले रांगेत उभे राहिले. ज्यांच्या जमिनीवर हे उभं राहिलं, त्या डोंगरातल्या माणसाला त्या रांगेत जागाच नाही. कारण त्यानं पैसे नव्हते दिले, जमीन दिली होती.

यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. श्रीमंतांच्या हौसेवरचा धंदा हौसेसारखाच असतो. आज मावळ, उद्या कोकण, परवा गोवा. शेठ निघून जाईल, भिंत निघून जाणार नाही. धंदा बसला तरी जमीन परत येत नाही, ती बँकेकडे जाते. म्हणून "आता विकू, पुढचं पुढं बघू" म्हणणाऱ्यानं आधी मुळशीचा डोंगर बघून यावा.

आता पोरांच्या प्रश्नाकडे येऊ. काम. हा प्रश्न आम्ही हलका समजत नाही. वीटभट्टीवर उचल फेडत राबण्यापेक्षा बंगल्यावर माळीकाम बरं, असं एखादी वहिनी म्हणाली तर तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? संध्याकाळी आपल्या घरी येता येतं, पोरं शाळेत राहतात. हा फायदा खरा आहे आणि तो कबूल करूनच पुढं बोललं पाहिजे. जो कार्यकर्ता हे कबूल करत नाही, त्याचं वाडीत कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

पण काम मिळणं आणि वाट जाणं यांची अदलाबदल कोणी ठरवली? माळीकामाची मजुरी ही कामाची मजुरी आहे. ती वाटेची किंमत नाही, झऱ्याची किंमत नाही, गप्प बसायची किंमत नाही. दलाल आपल्याला हेच पटवतो की दोन्ही एकाच गाठोड्यात येतं. "शेठनं तुझ्या पोराला कामाला ठेवलंय, आता कुंपणाचं कशाला काढतो?" हे गाठोडं आपण सोडवलं पाहिजे. कामाचा हिशोब वेगळा, जमिनीचा वेगळा. शेठला काम देऊन तो उपकार करत नाही. आपल्या हाताशिवाय त्याचा एकांत एक दिवस टिकणार नाही. गवत कोण कापणार, तलाव कोण धुणार, पावसात पडलेलं झाड कोण हलवणार? त्याला आपण दिसायला नको असतो, पण असायला हवे असतो. एवढं जर खरं असेल, तर बोलणी करायची ताकद आपल्या हातात आहे. फक्त ती एकेकट्यानं वापरता येत नाही.

कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, धेनुकाकट गावच्या व्यापाऱ्यांची. त्या काळीही पैसेवाले या डोंगरात येत होते. पण तिथल्या एका लेखात सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे, दरवाजा त्यानं केला म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वी काम करणाऱ्याचं नाव दगडावर गेलं. आज बंगल्यावर दहा-दहा वर्षं राबणाऱ्याचं नाव साध्या हजेरीच्या वहीत नसतं. मग पडून हात मोडला तर तो "आमच्याकडे कामाला नव्हताच".

तर करायचं काय? भाषण पुरे. खाली लिहिलंय ते नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट, झोपडीखालची जागा. आपल्या बऱ्याच वाड्या खाजगी मालकाच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. मालकानं जमीन विकली की नवा मालक म्हणतो, "वाडी उचला." असं उचलता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्यात कलम १६ ते १८ वाचा. मालकाच्या जागेवर कुळानं स्वतःच्या खर्चानं घर बांधलं असेल तर त्याला सहज हुसकावता येत नाही, आणि जागा विक्रीला निघाली तर ती घ्यायचा पहिला हक्क त्याचा आहे. कलम १८ नं हेच संरक्षण शेतमजुराला आणि कारागिरालाही दिलं आहे. म्हणून घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादी, शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. कुडाचं घर पावसात पडलं तरी चालेल, कागद भिजता कामा नये.

दुसरी गोष्ट, ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांच्यासाठी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण किंवा भाडेपट्टा, कशानंही कलेक्टरच्या परवानगीशिवाय देता येत नाही. मावळ अनुसूचित क्षेत्रात येत नाही, तरी हे कलम इथं लागू आहे. दलालाला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून तो खरेदीखत न करता साठेखत करतो, मुखत्यारपत्र घेतो, नाहीतर कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा मागतो. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. दारूच्या बैठकीत तर नाहीच नाही. आधी झाला असेल तर लाजून घरात बसू नका. कागदाची नक्कल घेऊन बैठकीला या.

तिसरी गोष्ट, वाट. शेताकडे जाणारी वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. पण तो अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आता भट्टीचा हिशोब यात बसवून बघा. आपण दिवाळीनंतर जातो आणि पावसाच्या तोंडाला येतो. जाताना कुंपण पडलं तर परतेपर्यंत मुदत संपत आलेली असते. म्हणून प्रत्येक वाडीनं भट्टीला न जाणारी दोन माणसं आताच नेमावीत. कुंपण दिसलं की त्याच दिवशी तारीख लिहायची, फोटो काढायचा, तलाठ्याला अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच नाही तर अर्ज नाही, हे पाठ करा.

चौथी गोष्ट, जंगल. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आपला दावा आहे, आणि मोळी, मध, कंद, पाणी, गुरांची वाट यावर सामूहिक दावाही आहे. पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो. आज ज्या आज्याला सगळ्या वाटा आणि झरे नावानिशी माहीत आहेत, ते आपलं चालतं-बोलतं रेकॉर्ड आहे. त्यांचा जबाब या पावसाळ्यातच लिहून घ्या. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून काढता येत नाही, असं याच कायद्याचं कलम ४(५) सांगतं.

पाचवी गोष्ट, धमकी. आदिवासीला त्याच्या जागेवरून बेकायदा हुसकावणं, जमिनीच्या, वनाच्या किंवा पाण्याच्या हक्कात आडवं येणं, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. फौजदार म्हणेल, "हा दिवाणी मामला आहे." शांतपणे सांगायचं, "साहेब, अर्ज घ्या आणि पोच द्या." एकट्यानं जायचं नाही. दहा जणांनी जायचं, त्यात पाच बाया.

सहावी गोष्ट, कामाचा हिशोब. बंगल्यावर काम करणाऱ्या सगळ्यांनी एक दर ठरवावा, सरकारी किमान वेतनाखाली कोणी जाऊ नये. आठवड्याची सुट्टी आणि हजेरीची वही मागावी. बांधकामावर ९० दिवस काम केलेल्यानं बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवावं. एकानं कमी दरात काम घेतलं तर दुसऱ्याचा दर पडतो, हे शेजारच्या वाडीलाही जाऊन सांगावं.

आणि गावकीतल्या शेतकरी भावांना एक सांगणं. तुमचं आणि आमचं जुनं देणंघेणं गोड होतं असं नाही. मालक तुम्ही होता, मजूर आम्ही होतो. पण आज तुमचा पोरगा गुंठे विकून गाडी घेतो आणि पाच वर्षांनी त्याच जमिनीवरच्या फाटकावर नोकरी मागतो. इंद्रायणी तांदळाचं वाण १९८७ साली आपल्याच वडगावच्या केंद्रानं दिलं. ज्या खाचरात तो तांदूळ पिकतो तिथं भराव पडला तर तांदूळ पिशवीवरच्या नावापुरता उरेल. बऊरला गोळ्या खाल्ल्या त्या पाण्यासाठी. तेच पाणी आता प्लॉट पाडून विकू नका. विकायचंच असेल तर वाट, ओढा आणि वाडीची जागा खरेदीखतात राखून ठेवा, लेखी.

पाहुण्यांना आमचा विरोध नाही. लोहगड चढून येणाऱ्या पोरांना आम्ही पाणी पाजलंय, वाट दाखवलीय. डोंगर बघायला कोणीही यावं, आमच्या बायांच्या हातची भाकरी खावी, रानभाज्या विकत घ्याव्यात. आमचा विरोध आहे तो डोंगर एकट्याचा करून घेण्याला. ज्या एकांतासाठी आम्हाला हटावं लागतं तो एकांत कितीही पैसे मोजले तरी विकायचा हक्क कोणाला नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीनं तीन यादी आणाव्यात. बंद झालेल्या वाटा कोणत्या आणि कधीपासून, अडवलेले झरे-ओढे कोणते, आणि बंगल्यावर कामाला कोण जातं व किती रोजानं. पहिल्या दोन याद्या घेऊन तहसीलला जायचं आहे, तिसरी घेऊन मालकांशी बसायचं आहे. यादीशिवाय येऊ नका, आणि यादी झाली नाही म्हणून घरीही बसू नका. लिहिणारं माणूस नसेल तर निरोप पाठवा, आम्ही लिहायला येतो.

वाट आमची, पाणी आमचं, जंगल आमचं!